वैद्यकीय जर्नल ऑनलाइन उघडल्यावर: कुठे काय असतं आणि आपण काय पाहायचं



मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी आम्हाला विचारलं, "आम्ही काही डॉक्टर नाही, मग मेडिकल जर्नल कसं वाचायचं हे आम्हाला कशाला सांगताय?" प्रश्न रास्त आहे. गंमत म्हणजे आम्हीही डॉक्टर नाही. आम्ही ग्रंथालयातली माणसं. कुणाला कुठला कागद हवा आणि तो कुठल्या कपाटात आहे, हे शोधून देण्यात आमची वर्षं गेली. पूर्वी लोक येऊन विचारायचे, "अमुक लेख मिळेल का?" आता लेख त्यांच्या हातातच असतो. मोबाइलवर आलेला, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेला. आणि ते विचारतात, "हे खरं आहे का हो?"

एक प्रसंग सांगतो. नाव-गाव नको. एक निवृत्त गणिताचे मास्तर आमच्याकडे अकरा पानी प्रिंट घेऊन आले. पिवळ्या पेनाने रेघा मारलेल्या. त्यांच्या पत्नीला कित्येक वर्षं रक्तदाबाची गोळी चालू होती. भाच्याने त्यांना एका परदेशी जर्नलमधला लेख पाठवला. लेखाचं म्हणणं, या जातीच्या गोळ्यांनी मूत्रपिंडाला इजा होते. मास्तरांनी शीर्षक वाचलं, सारांशाची शेवटची ओळ वाचली, आणि गोळी बंद केली. डॉक्टरांना विचारलं नाही. बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी बाईंना घेरी आली, रक्तदाब भलताच चढलेला, रात्री अकरा वाजता रिक्षा करून दवाखान्यात न्यावं लागलं. सुदैवाने त्या बऱ्या झाल्या. त्यानंतर मास्तर आमच्याकडे आले.

आम्ही त्यांच्यासमोर तोच लेख उघडला आणि 'मेथड्स' या मथळ्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, की हे सगळं आठ आठवड्यांच्या नर उंदरांवर केलेलं आहे. शीर्षकात उंदराचं नाव नव्हतं, सारांशाच्या शेवटच्या ओळीतही नव्हतं. मास्तरांनी ते वाक्य दोनदा वाचलं. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग हे छापतात कशाला?"

आजचं आमचं सगळं बोलणं म्हणजे मास्तरांच्या या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

वैद्यकीय जर्नल ही डॉक्टर आणि संशोधक यांची आपापसातली बोलाचाली असते. उंदरांवर असं दिसलं, हे दुसऱ्या संशोधकाला कळणं गरजेचं असतं, म्हणून ते छापतात. मास्तरांच्या पत्नीने गोळी थांबवावी असं त्यात कुणी म्हटलेलं नव्हतं. लेख चांगल्या जर्नलमध्ये छापून आला याचा अर्थ इतकाच, की कुणीतरी हे काम केलं, त्या विषयातल्या दोन-चार जाणकारांनी ते तपासलं, आणि हे इतरांपुढे ठेवायला हरकत नाही असं संपादकाला वाटलं. त्यावर पुढे वाद होतो, कुणी ते काम पुन्हा करून बघतं, कधी ते खोटंही ठरतं.

म्हणून आपल्यासारख्याने चार प्रश्न हातात धरून आत शिरायचं. हे लिखाण कुठल्या प्रकारचं आहे? अभ्यास कुणावर केला? फरक नेमका किती पडला? आणि छापल्यानंतर या लेखाचं पुढे काय झालं? चारही उत्तरं पडद्यावरच असतात. फक्त कुठे असतात ते माहीत पाहिजे.

आत शिरायचं दार

आपण सवयीने गूगलवर टाकतो. तिथे बातमी, जाहिरात, कुणाचा व्हिडिओ आणि खरा शोधनिबंध एकाच रांगेत उभे असतात. त्यापेक्षा पबमेड बरं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने चालवलेली ही सूची आहे, आणि १९९७पासून ती जगात कुणालाही फुकट खुली आहे. साडेतीन कोटींहून जास्त लेखांच्या नोंदी तिच्यात आहेत. नोंदी म्हणतोय, नीट ऐका. पबमेड हा ग्रंथालयातला कार्डांचा कपाट आहे. पुस्तक तिथे नसतं, पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते सांगणारं कार्ड असतं. कार्डावर शीर्षक, लेखक, जर्नलचं नाव, बहुतेक वेळा सारांश, आणि उजव्या बाजूला पूर्ण लेखाकडे नेणारं बटण.

त्याच ग्रंथालयाचं दुसरं दालन म्हणजे पबमेड सेंट्रल, २००० साली सुरू झालेलं. तिथे अख्खे लेख फुकट वाचायला ठेवलेले असतात. नावं सारखी असल्यामुळे गोंधळ होतो. पबमेड म्हणजे कार्डं, पबमेड सेंट्रल म्हणजे प्रत्यक्ष लेख, एवढं लक्षात ठेवा.

शोधायचं कसं? पूर्ण वाक्य टाकू नका. मुद्द्याचे दोन-तीन शब्द इंग्रजीत टाका. उदाहरण आपल्या मातीतलं घेऊ. कोकणातला लाल विंचू. 'स्कॉर्पियन स्टिंग' आणि 'प्राझोसिन' एवढे शब्द टाकले तरी पुरे. मग डावीकडच्या पट्टीकडे बघा. तिथे गाळण्या आहेत. लेखाचा प्रकार, वर्ष, पूर्ण लेख फुकट मिळतो का, आणि जरा खाली 'अतिरिक्त गाळण्या' उघडल्या की माणसांवरचा अभ्यास की प्राण्यांवरचा. मास्तरांची चूक याच पायरीवर टळली असती.

एक बारकी गोष्ट. या लाल विंचवाचं शास्त्रीय नाव काळानुसार बदलत गेलं. आधी बुथस टॅम्युलस, मग मेसोबुथस टॅम्युलस, आता हॉटेंटोटा टॅम्युलस. विंचू तोच. तुम्ही नवं नाव टाकून शोधलंत तर जुने लेख निसटू शकतात. म्हणून पबमेडमधल्या पुष्कळशा लेखांना ठरावीक विषयशीर्षकं लावून ठेवलेली असतात. लेखकाने कुठलंही नाव वापरो, 'स्कॉर्पियन स्टिंग्ज' या शीर्षकाखाली तो लेख सापडतो. लेखाच्या कार्डावर खाली ही शीर्षकं दिसतात. त्यावर क्लिक केलं की त्या विषयाचे भाऊबंद समोर येतात.

हे कुठल्या प्रकारचं लिखाण?

आता जर्नलच्या घरात येऊ. मुखपृष्ठावर साधारण एकसारखी मांडणी असते. चालू अंक, जुने अंक, आणि 'ऑनलाइन फर्स्ट' किंवा 'अहेड ऑफ प्रिंट' म्हणजे अंकात यायच्या आधीच पडद्यावर आलेले लेख. वर्षाला बहुधा एक खंड आणि त्यात क्रमांकाने अंक. ही झाली कपाटं. पण आपल्याला महत्त्वाचे आहेत ते अंकातले विभाग.

संपादकीय असतं, ते मत. 'ओरिजिनल रिसर्च' किंवा 'ओरिजिनल आर्टिकल' असतो, तो मूळ अभ्यास. 'रिव्ह्यू' म्हणजे आधीच्या अभ्यासांचा आढावा. त्यात 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' असं लिहिलेलं असेल, तर त्या विषयावरचे सगळे अभ्यास ठरवून, नियम लावून गोळा केलेले असतात. आपल्यासारख्या वाचकाने सुरुवात तिथूनच करावी. 'केस रिपोर्ट' म्हणजे एका किंवा दोन-चार रुग्णांची हकिगत. आणि 'लेटर' किंवा 'करस्पाँडन्स' म्हणजे संपादकाला आलेलं पत्र. लेखाच्या शीर्षकाच्या वर, बारीक अक्षरात, हा विभाग छापलेला असतो. आपली नजर शीर्षकावर जाते आणि वरची ती बारीक ओळ राहून जाते.

ती ओळ राहून गेली तर काय होतं, याची एक सत्यकथा अमेरिकेतली. १० जानेवारी १९८०च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये बॉस्टनच्या जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं एक पत्र आलं. पाच वाक्यांचं. त्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या नोंदी चाळल्या होत्या. त्यांतल्या ११,८८२ जणांना अफूच्या जातीचं वेदनाशामक निदान एकदा तरी दिलेलं होतं, आणि व्यसन लागल्याची नीट नोंद असलेले आढळले फक्त ४. पत्र एवढंच. हे रुग्ण घरी गेल्यावर पुढे काय झालं, महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांचं काय होतं, यावर त्यात एक अक्षर नव्हतं.

पण हे पत्र पुढे दाखला म्हणून वापरलं गेलं. २०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी त्याच जर्नलमध्ये हिशेब मांडला. या पाच वाक्यांचा उल्लेख ६०८ लेखांनी केला होता. त्यांतल्या ७२.२ टक्के लेखांनी ते 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून दिलं होतं. आणि ८०.८ टक्के लेखांनी हे सांगितलंच नव्हतं, की ते रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले होते. तोवर या औषधांच्या व्यसनाने अमेरिकेत हाहाकार उडालेला होता. त्याला एकटं हे पत्र कारण झालं असं आम्ही म्हणत नाही. पण डॉक्टरांची भीती मोडण्यात त्याचा हात होता. आता ऑनलाइन ते पत्र उघडलंत तर त्यावर संपादकांची टीप दिसते, की या पत्राचा आधार फार वेळा आणि न तपासता घेतला गेला आहे.

लक्षात घ्या, उल्लेख करणारी मंडळी शिकलेलीच होती. म्हणून कुणी आपल्याला "अमुक मोठ्या जर्नलमध्ये आलंय" असं सांगितलं, की आपण आधी विचारायचं, "कुठल्या विभागात?"

एक लेख उघडून बघू

आता मूळ अभ्यासाचं पान उघडू. आम्ही मुद्दाम असा निवडलाय, की तुम्ही आज रात्री घरी जाऊन तो फुकट उघडू शकाल. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा. हिंमतराव बावस्करांचं विंचूदंशावरचं काम जुनं आहे, १९८२ साली ते 'लॅन्सेट'मध्ये आलेलं आहे. हा लेख जानेवारी २०११चा, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधला, ज्याला आता नुसतं बीएमजे म्हणतात.

पानाच्या माथ्यावर शीर्षक. शीर्षकातच लिहिलंय की ही 'रँडमाइज्ड ओपन लेबल' चाचणी आहे. रँडमाइज्ड म्हणजे कुठल्या रुग्णाला कुठला उपचार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडायचं. डॉक्टरने निवडायचं नाही. का? कारण डॉक्टरने निवडलं तर नकळत जरा बरा दिसणारा रुग्ण एका गटात आणि जास्त आजारी दुसऱ्या गटात जाऊ शकतो. ओपन लेबल म्हणजे कुणाला काय दिलंय हे डॉक्टरांपासून आणि रुग्णांपासून लपवलेलं नव्हतं. तेवढा एक सांधा कच्चा राहतो, आणि लेखकांनी तो शीर्षकातच कबूल केलाय. चांगल्या लेखाची ही खूण असते.

त्याखाली लेखकांची नावं आणि पत्ता. पत्ता वाचा. महाड, जिल्हा रायगड. मग सारांश. त्याचे तुकडे पाडलेले असतात: उद्देश, रचना, ठिकाण, सहभागी, उपचार, मुख्य मोजमाप, निकाल, निष्कर्ष. घाईतला माणूस पहिला आणि शेवटचा तुकडा वाचतो. तुम्ही मधले वाचा.

सहभागी कोण? ७० रुग्ण. विंचूदंशाच्या दुसऱ्या पायरीवरचे, वय सहा महिन्यांच्या वर, आणि हृदय-फुप्फुसांवर किंवा मेंदूवर परिणाम झालेला नाही असे. उपचार काय? एका गटातल्या ३५ जणांना प्राझोसिन, म्हणजे रक्तदाब उतरवणारी गोळी. दुसऱ्या ३५ जणांना प्राझोसिन आणि सोबत विंचवाच्या विषावरची लस, म्हणजे प्रतिविष. मुख्य मोजमाप काय? दहा तासांत लक्षणं पूर्ण गेली असे रुग्ण किती.

निकाल: लस आणि गोळी दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. नुसती गोळी मिळालेल्या ३५ पैकी ८. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ, पहिल्या गटात ८ तास, दुसऱ्यात १७.७ तास.

आता इथे थांबा, आणि या लेखातून काय निघतं आणि काय निघत नाही ते बोटांवर मोजा. लस दिल्याने रुग्ण लवकर बरा होतो, हे निघतं. लेखकांचा निष्कर्षही तेवढाच आहे. पण समजा उद्या कुणी मेसेज फिरवला, की 'महाडच्या डॉक्टरांनी सिद्ध केलं, विंचवाच्या लसीने मरणाच्या दारातला रुग्ण वाचतो', तर ते या लेखात नाही. ज्यांच्या हृदयावर आधीच परिणाम झालाय असे रुग्ण यात घेतलेलेच नव्हते. मोजलं ते बरं होण्याचा वेग. आणि नुसती गोळी मिळालेले उरलेले २७ जण बरे झाले नाहीत, असंही नाही. त्यांना दहा तासांपेक्षा जास्त वेळ लागला.

बघा, अर्धं पानही आपण वाचलेलं नाही. फक्त सारांशाचे मधले तुकडे. तरी मेसेज आणि लेख यांतलं अंतर कळलं.

पुढे खरी जागा म्हणजे तक्ते. पहिला तक्ता बहुधा रुग्णांचा असतो. वय, स्त्री-पुरुष, आजार किती वाढलेला. तो बघून स्वतःला विचारायचं, "आपला माणूस या गर्दीत बसतो का?" अभ्यास पन्नाशीच्या पुरुषांचा आणि आपली आई ऐंशीची असेल, तर निकाल तिला जसाच्या तसा लावता येत नाही.

लेखाच्या तळाशी तीन ओळी असतात, त्या चुकवू नका. पैसे कुणी दिले. लेखकांचे हितसंबंध काय, म्हणजे औषध कंपनीकडून मानधन वगैरे घेतात का. आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक. आपल्याकडे 'सीटीआरआय' नावाची सरकारी नोंदवही २००७ साली सुरू झाली, आणि १५ जून २००९पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. नोंद आधी कशासाठी? तर काय मोजणार हे चाचणी सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवलं, की नंतर सोयीचं तेवढंच दाखवता येत नाही. तो क्रमांक सीटीआरआयच्या संकेतस्थळावर टाकून आधी काय ठरलं होतं ते कुणीही बघू शकतं.

फरक किती?

गणिताच्या मास्तरांना हा भाग आवडला होता, म्हणून जरा सावकाश सांगतो. समजा एक गोळी आहे. न घेणाऱ्या १,००० माणसांपैकी वर्षभरात दोघांना झटका येतो. घेणाऱ्या १,००० पैकी एकाला. हे आकडे आम्ही समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत. आता याची बातमी कशी होईल? 'धोका निम्म्यावर!' खोटं आहे का? नाही. दोनाचा एक झाला, निम्माच झाला. पण दुसऱ्या बाजूने बघा. १,००० जणांनी वर्षभर रोज गोळी घेतली, तेव्हा एकाचा झटका टळला. ९९८ जणांना गोळी न घेताही झटका आला नसता, आणि एकाला घेऊनही आला.

म्हणून टक्केवारी दिसली की लगेच विचारायचं, "कितीपैकी किती?" लेखात तो आकडा तक्त्यात असतोच. महाडच्या लेखात ३५ पैकी ३२ आणि ३५ पैकी ८, असं स्वच्छ लिहिलंय. असे आकडे सापडले नाहीत आणि नुसतेच टक्के मिरवलेले असले, तर जरा सावध राहायचं.

पुढे काय झालं?

आता चौथा प्रश्न, जो सगळ्यात जास्त राहून जातो. छापलेला लेख मागेही घेतला जातो. इंग्रजीत त्याला रिट्रॅक्शन म्हणतात. फेब्रुवारी १९९८मध्ये लॅन्सेटने १२ मुलांवरचा एक लेख छापला, अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा. त्यावरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने स्वमग्नता येते अशी भीती जगभर पसरली. लॅन्सेटने तो लेख मागे घेतला फेब्रुवारी २०१०मध्ये. बारा वर्षांनी. मधल्या काळात किती आईबापांनी मुलांना लस दिली नाही. उलट कोविडच्या वेळी, २२ मे २०२०ला लॅन्सेटमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर आलेला एक मोठा लेख ४ जूनला, म्हणजे तेरा दिवसांत मागे घेतला गेला, कारण ज्या माहितीवर तो उभा होता ती तपासायला मिळेना.

मागे घेतलेला लेख पानावरून पुसत नाहीत. त्यावर ठळक शिक्का मारून तो तिथेच ठेवतात. पबमेडच्या कार्डावरही तशी सूचना येते. पण तुमच्या मोबाइलमध्ये दोन वर्षांपूर्वी उतरवलेली पीडीएफ असेल, तर तिला हे काहीच कळलेलं नसतं. ती जुन्या पत्रिकेसारखी, लग्न मोडलं तरी मुहूर्त दाखवत राहते. म्हणून फॉरवर्ड आलेली पीडीएफ वाचून निर्णय घेऊ नका. तिच्या पहिल्या पानावर 'डीओआय' नावाचा क्रमांक असतो, दहाच्या आकड्याने सुरू होणारा. तो क्रमांक शोधलात की लेखाचं आजचं पान उघडतं. तिथे दुरुस्ती, संपादकाची टीप, शिक्का, सगळं दिसतं. बीएमजेसारख्या जर्नलमध्ये वाचकांच्या प्रतिक्रियांचाही वेगळा कप्पा असतो. इतर डॉक्टरांनी काय शंका काढल्या आणि लेखकांनी काय उत्तर दिलं, ते तिथे वाचायला मिळतं. आमच्या मते कधीकधी लेखापेक्षा तोच भाग जास्त शिकवतो.

पैसे मागतात तेव्हा

पुष्कळदा सारांश दिसतो आणि पुढे गेलं की डॉलरमध्ये पैसे मागतात. लगेच कार्ड काढू नका. आधी पबमेड सेंट्रलमध्ये फुकट प्रत आहे का बघा. नसेल तर लेखाच्या पानावर पत्रव्यवहारासाठी एका लेखकाचा ईमेल असतो. दोन ओळी लिहून प्रत मागा, पुष्कळजण आनंदाने पाठवतात. घरात कुणी सरकारी महाविद्यालयात शिकत असेल तर त्यांना विचारा. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५पासून सुरू झाली आहे. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं सरकारी शिक्षणसंस्थांना आणि संशोधनसंस्थांना तिच्यातून मिळतात. आणि आपल्याकडची चांगली जर्नलं मुळातच खुली आहेत. १९१३ साली सुरू झालेलं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च', मुंबईच्या केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन', मुंबईतूनच निघणारं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'. आपल्या हवेतले आजार, आपल्यासारखे रुग्ण. तिथे आधी बघावं.

याच्या उलट एक फसवा बाजार आहे. लेखकाकडून पैसे घ्यायचे आणि काहीही न तपासता छापायचं, अशी जर्नलं निघाली आहेत. नाव भारदस्त, 'इंटरनॅशनल' वगैरे. मात्र लेखकाकडून शुल्क घेणारं प्रत्येक जर्नल खोटं असतं असं नाही. ओळखायचं कसं? संपादक मंडळाचं पान उघडा, माणसं खरी आहेत का, त्या विषयातली आहेत का बघा. तीन दिवसांत छापून देऊ असं आश्वासन असेल तर समजा. आणि अमेरिकेच्या त्याच ग्रंथालयाच्या सूचीत जर्नलचं नाव टाकलं, की ते 'मेडलाइन'मध्ये घेतलेलं आहे का ते कळतं. तिथे नसलेलं सगळंच वाईट नसतं, पण असलेल्यावर निदान एक चाळणी लागलेली असते.

दोन प्रश्न

चिठ्ठ्यांमधून बरेच प्रश्न आलेत. वेळ आहे तेवढे दोन घेतो.

एका ताईंनी विचारलंय, "इंग्रजी जमत नाही, मोबाइलवर मराठी भाषांतर करून वाचलं तर चालेल का?" चालेल, विषय कळण्यापुरतं. पण आकडे, मात्रा आणि 'नाही' हा शब्द, या तीन गोष्टी मूळ पानावर पुन्हा बघा. 'फरक आढळला नाही' याचं भाषांतरात 'फरक आढळला' झालं, तर सगळाच घोटाळा. वर्तमानपत्र वाचता येईल इतकं इंग्रजी येणारं कुणी शेजारी बसवा. पुरतं.

दुसरा प्रश्न: "डॉक्टरांसमोर असा कागद ठेवला की ते चिडतात, काय करायचं?" चिडतात खरे. बाहेर तीस पेशंट बसलेले असतात आणि आपण अकरा पानं पुढे सरकवतो. अकरा पानं नेऊ नका. एका कागदावर लेखाचं नाव, अभ्यास कुणावर केला ती ओळ, आणि आपला एकच प्रश्न लिहा. "हे आमच्या आईला लागू होतं का?" असं विचारलंत तर बहुतेक डॉक्टर उत्तर देतात. एकाने नाही दिलं तर दुसऱ्याचं मत घ्या. पण चालू असलेलं औषध त्या उत्तराआधी आपल्या मनाने बंद करू नका, आणि आपल्या मनाने सुरूही करू नका.

मास्तर आता अधूनमधून आमच्याकडे येतात. भाचा अजून लेख पाठवतोच. मास्तरांनी स्वतःसाठी एक वही केली आहे, गणिताच्या वहीसारखी समास आखलेली. प्रत्येक लेखाला एक पान आणि त्यावर चार ओळी: प्रकार, कुणावर, कितीपैकी किती, पुढे काय. मागच्या महिन्यात त्यांनी ती आम्हाला दाखवली. नऊ पानं भरली होती. सहा पानांवर दुसऱ्या ओळीत 'उंदीर' लिहिलेलं होतं. एका पानावर प्रश्न लिहून त्यांनी तो डॉक्टरांकडे नेला होता, आणि डॉक्टरांनी पत्नीची गोळी बदलली नाही, पण मिठाबद्दल जे आधी सांगायचं राहून गेलं होतं ते नीट बसून सांगितलं.

तुम्हीही घरी गेल्यावर महाडचा तो लेख उघडा आणि चार ओळी लिहून बघा. पुढच्या वेळी वही घेऊन या, एकत्र बसून तपासू.